पंपाच्या आवाजाआड

ब्रह्मदेशातून आलेली ती मुलगी आमच्या माडीवरच्या खोलीत राहायला आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. वर्षभरात ती आमच्या आईसारखी बोलायला लागली. आमच्याकडच्या बायका 'मी आलो, मी जातो' असंच म्हणतात. तीही तसंच म्हणायची. राजारामपुरीतल्या भाजीवालीला एकदा ती म्हणाली, "मावशी, परवा आलतो की तुझ्याकडं, वांगी किडकी दिलीस." भाजीवाली तिच्या बारीक डोळ्यांकडं आणि गालाला लावलेल्या पिवळट चंदनी लेपाकडं बघतच राहिली. मग मुकाट्यानं वांगी बदलून दिली.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. ती विद्यापीठात इंग्रजीत एम. ए. करत होती. तिच्या देशात लष्कराचं राज्य होतं. कॉलेजात असताना तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी मोर्चात भाग घेतला. मैत्रिणी तुरुंगात गेल्या, ही डोंगर ओलांडून मिझोरामात उतरली. पुढं दिल्ली, आणि तिथल्या एका भन्तेंच्या ओळखीनं कोल्हापूर. आमचं घर बौद्धांचं आणि माडी रिकामी, म्हणून ती आमच्याकडं आली. आमच्या सरकारनं त्या काळी अशा मुलामुलींना थारा दिला होता. मी अकरावी-बारावीला राज्यशास्त्र शिकवत होते. 'परराष्ट्र धोरण' हा धडा घेताना हे मी वर्गात मोठ्या अभिमानानं सांगायचे.

आईचं आणि तिचं जुळलं ते वंदनेवरून. रोज संध्याकाळी दोघी पुढच्या खोलीत बुद्धमूर्तीपुढं बसायच्या. पाली दोघींनाही पाठ होती, पण उच्चार वेगळे. आई म्हणायची 'बुद्धं सरणं गच्छामि'. ती म्हणायची 'बोद्दं थरणं गस्सामि'. तिच्या देशात 'स'चा 'थ' होतो. आईला आधी हसू यायचं. नंतर तो 'थ' आईच्याच तोंडात बसला. तिला ते कळलंसुद्धा नाही. आम्हालाही नाही.

माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा, औद्योगिक वसाहतीत लेथ मशीनचा लहानसा कारखाना होता. शेतीचे पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला तो सुटे भाग करून द्यायचा. एके दिवशी तो जेवायला आला तो हसतच.

"ब्रह्मदेशाची ऑर्डर येतीया," तो म्हणाला. "तिथल्या सरकारची माणसं कोल्हापूरला पंप बघाय येणार हायत. मालक म्हणाले, पावणं बौद्ध हायत, तर तुमच्या घरी चहाला आणूया. इंग्रजी बोलाय तुझी बहीण हायच."

आईच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली. आम्ही सगळे माडीकडं बघायला लागलो.

ती जिन्यात उभी होती. तिनं ऐकलं होतं.

"येऊ दे की," ती म्हणाली. "मी त्या दिवशी हुपरीला मावशीकडं जातो."

हुपरीला आमची मावशी राहायची, तिच्या घरात चांदीचे पैंजण घडवायचं काम चाले. मुलीला तिथं जायला आवडायचं. ठरलं तसं. पण पाहुणे दुपारी यायचे ते सकाळीच आले. ती चप्पल घालून निघणार, एवढ्यात गाड्या दारात थांबल्या. ती अनवाणीच वर पळाली आणि मी बाहेरून कडी घातली.

आत आले ते कंपनीचे मालक, त्या देशाचे तीन अधिकारी, दिल्लीहून त्यांच्याबरोबर आलेला आपला एक तरुण अधिकारी आणि मागून एक बुटका, चष्मेवाला माणूस. त्याची ओळख कुणी करून दिली नाही. मी नाव विचारलं तर तो नुसता हसला. त्याचे हात लहान मुलासारखे मऊ होते.

पोहे झाले, चहा झाला. अधिकारी पंपांबद्दल बोलले, भाताच्या शेतीबद्दल बोलले. माणसं वाईट नव्हती. एकाला आमच्या तांबड्या रश्श्याबद्दल फार कुतूहल होतं. चष्मेवाला काही बोलत नव्हता. मग तो उठला, बुद्धमूर्तीपुढं गुडघ्यावर बसला आणि कपाळ जमिनीला टेकवून तीनदा नमस्कार केला. इतक्या मनापासून केलेला नमस्कार मी विहारातसुद्धा फार कमी बघितलाय. आईला भरून आलं. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

त्यानं हलक्या आवाजात सुरुवात केली. "बोद्दं थरणं गस्सामि."

आई त्याच्याबरोबर म्हणायला लागली. तिचे डोळे मिटलेले होते. आणि ती म्हणत होती, "थरणं... थरणं..."

तो मध्येच थांबला. आई एकटीच पुढं म्हणत राहिली. तो मान वाकडी करून ऐकत होता.  वर माडीवर काहीच हललं नाही, आणि मला वाटलं, इतकी शांतता तर रिकाम्या खोलीतसुद्धा नसते.

वंदना संपल्यावर तो पहिल्यांदा बोलला. स्वच्छ इंग्रजीत मला म्हणाला, "तुमच्या आई फार सुंदर म्हणतात. कुणी शिकवलं?"

"विहारात शिकल्या," मी म्हणाले.

"हो का?" तो म्हणाला आणि हसला.

निघताना सगळे दारात चपला-बूट घालत होते. तो सर्वांत शेवटी वाकला. गाड्या गेल्यावर आई दार लावायला गेली आणि तिथंच खाली बसली. मुलीच्या चपला उंबऱ्याजवळ राहिल्या होत्या. तिच्या देशातल्या, मखमली पट्ट्यांच्या. तशा कोल्हापुरात कुणाकडं नव्हत्या. घाईत वेड्यावाकड्या पडलेल्या त्या चपला आता एकाशेजारी एक नीट लावून ठेवल्या होत्या. टाचा घराकडं, पुढचं टोक रस्त्याकडं, जशा कुणी बाहेर जाणाऱ्यासाठी तयार ठेवाव्यात.

मुलगी खाली आली. चपलांकडं बघून ती एवढंच म्हणाली, "आवाज ओळखीचा वाटला."

"कुणाचा?" मी विचारलं.

"चौकशीला येणाऱ्या त्या सगळ्यांचा आवाज तसाच असतोय, ताई. मऊ."

पुढं बरेच दिवस काही झालं नाही. ऑर्डर आली. दादानं आणखी एक मशीन घेतलं, दोन माणसं कामाला लावली. त्यातला एकजण आजऱ्याकडचा होता. घरचं भागत नाही म्हणून शिक्षण सोडून आलेला. तो पहिला पगार घेऊन गावी गेला तेव्हा दादानं आम्हाला ते दोनदा सांगितलं. मी काही बोलायला गेले की तो चिडायचा.

"पंप हाय तो, बंदूक न्हाय. तिथल्या शेतकऱ्यानं काय पाप केलंय? आपण न्हाय दिला तर दुसरा कोण तरी देईलच की."

मुलगी त्याच्याच बाजूची होती, याचं मला नवल वाटायचं. ती म्हणायची, "दादा खरं बोलत्यात, ताई. माझ्या गावाला पाणी पायजेच. फक्त पाणी देताना ते लोक बदल्यात काय मागत्यात, ते कुणी तरी बघाय पायजे."

मग एका रविवारी सकाळी आमचा फोन वाजला. मी उचलला. खरखर, मग कुणीतरी त्या मुलीचं पूर्ण नाव घेतलं. मी तिला हाक मारली. ती बोलायला लागली आणि बोलता बोलता भिंतीला टेकली. बोलणं तीन-चार वाक्यांचंच होतं. फोन ठेवून ती म्हणाली, "आई होती."

आमच्या आईला आनंद झाला. "मग रडतीस कशाला?"

"आमच्या गावात फोन न्हाय," ती म्हणाली. "हा नंबर मी कुणाला दिला न्हाय. आणि आईनं मला पूर्ण नावानं हाक मारली. घरात ते नाव कोणच घेत न्हाय."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुझ्या गावचे पंप आमच्या गावात आलेत. पाणी छान आहे. सगळे फार चांगलं वागवतात. घरी ये." ती थांबली. "शाळेत धडा वाचत्यात तसं म्हणाली. आणि शेजारी कुणी तरी कप ठेवला. बशीवर. आमच्या घरात बशी न्हाय."

त्यानंतर दर रविवारी फोन यायला लागला. मुलगी घ्यायची नाही. रविवारी सकाळ झाली की माडीवर जाऊन कानांत बोटं घालून बसायची. दोनदा आम्ही वाजू दिला. तिसऱ्यांदा आईला राहवलं नाही. तिनं उचलला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आई थोडा वेळ नुसती "हां, हां" करत राहिली. मग ती फोनमध्येच वंदना म्हणायला लागली. पलीकडची बाई आधी गप्प होती. नंतर तीही म्हणायला लागली. मी जवळ उभी होते, मला दोन्ही आवाज ऐकू येत होते. ती कपवाली व्यक्तीही ऐकत असणार. वंदनेला ती हरकत घेऊ शकत नव्हती. मग दर रविवारी हेच चालू झालं. आई आवरून, पांढरं लुगडं नेसून फोनपाशी बसायची.

मी दिल्लीच्या त्या अधिकाऱ्याला फोन केला. तो मूळचा नागपूरकडचा, मराठी बोलणारा. जाताना त्यानं मला त्याचा नंबर दिला होता. मी चपलांचं सांगायला लागले तसा तो म्हणाला, "मॅडम, फोनवर नको. तुम्ही तिला घेऊन दिल्लीला या."

आम्ही गेलो. एका बागेत तो भेटला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ गवत उपटत राहिला.

"माझं काम विचित्र आहे," तो म्हणाला. "सरहद्द त्यांच्याशी लागून आहे. आपण तोंड फिरवलं तर तिथं दुसरं कुणी जाऊन बसेल, आणि ते लोक या मुलीसारख्यांची चौकशीही करणार नाहीत. बोलणं चालू ठेवायचं तर व्यापार लागतो. आणि व्यापार चालू असला की कडक बोलता येत नाही."

"मग तुम्हाला काय करता येतं?" मी विचारलं.

"सगळी बोलणी झाल्यावर चहा येतो. त्या चहाच्या वेळेला एखादं वाक्य बोलता येतं. अमुक म्हातारी बरी आहे ना, एवढंच. तेवढीच जागा आहे आमच्याकडे. ते वाक्य मी बोलेन. हिचे कागद निर्वासितांच्या कचेरीत पुढे सरकतील एवढंही बघेन. पण हिला आता इथं ठेवू नका. दूर जाऊ दे."

मुलीनं विचारलं, "आणि माझी आई?"

त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

आम्ही परतलो तेव्हा घरी दादाचं निघायचं चाललं होतं. कंपनीनं पंप बसवून द्यायला दोन माणसं पाठवायचं ठरवलं होतं, आणि मालकांनी दादाला विचारलं होतं. तिथल्या लोकांनी म्हणे मुद्दाम घरी चहा पाजणाऱ्या माणसाची आठवण काढली होती. आईनं जाऊ नको म्हणून सांगितलं. मुलगी मात्र म्हणाली, "जावा, दादा. माझ्या आईला बघून या. खरंच हाय का, एवढं बघून या."

दादा परत आला तो दुपारचा. आमचा दादा म्हणजे गल्लीच्या तोंडाला आला की आवाजानंच कळायचा. त्या दिवशी तो आत येऊन खुर्चीवर बसेपर्यंत कुणाला कळलं नाही. बूटही काढले नाहीत. आईनं पाणी दिलं, ते त्यानं हातात धरून ठेवलं.

"तो चष्मेवाला घ्याय आलता," तो म्हणाला. "सगळीकडं तोच माझ्यासंगं. हिच्या गावाला न्हेतो म्हणाला. मी न सांगताच म्हणाला. वाटंत बायका आणि म्हातारी माणसं रस्त्याला खडी टाकत हुती. शेजारी मुकादम न्हाय, बंदूकवाला शिपाई हुता. मी विचारलं, मजुरी किती देता? तो म्हणाला, हे लोक प्रेमानं करत्यात."

"आई?" मुलीनं विचारलं.

"हाय. जिवंत हाय. बरी हाय. एका घरात ठेवलीया. घर नवं कोरं. मी भिंतीला टेकलो तर शर्टाला रंग लागला. चूल हुती, पण त्या चुलीत कधी जाळ केल्याला न्हाय. राख न्हाय, काजळी न्हाय. तिथं ती बसल्याली, चांगली कापडं घालून. सगळं गाव भवतीनं उभं. सगळी हसत हुती. लहान पोरंबी. एक पोरगं रडलं न्हाय, एक कुत्रं भुंकलं न्हाय. मी हिकडं वळलो की हिकडची हसायची, तिकडं वळलो की तिकडची."

त्यानं पाणी प्यायलं.

"मग मी पंप सुरू केला. डिझेलचा पंप, केवढा आवाज करतोय तुम्हाला म्हाईत हाय. कानाला लागून बोलल्याबिगार ऐकू येत न्हाय. चष्मेवाला आवाजामुळं जरा मागं सरला. तवर म्हातारी उठली, मला नारळाचं पाणी द्याय म्हणून वाकली, आणि माझ्या कानात बोलली."

"काय बोलली?"

दादाचा चेहरा वेडावाकडा झाला. तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मराठीत बोलली गं. 'मला ने' म्हणाली. 'मला ने, मला ने.' तीनदा म्हणाली. आणि मी तिला तिथंच सोडून आलो."

आई हुंदका देऊन उठली.  त्या डोंगरापलीकडच्या खेड्यातल्या बाईला मराठी कुठून येणार? फोनवर तर आई वंदनेशिवाय काही बोलली नव्हती. तरी दादा खोटं बोलणारा माणूस नव्हता. 

मुलगी दादासमोर येऊन जमिनीवर बसली. "दादा, जसं म्हणाली तसं म्हणा. तोडून म्हणा."

"म-ला-ने."

"शेवटी आवाज कसा केला? लांब, का कापल्यासारखा?"

दादानं डोळे मिटले. "कापल्यासारखा. म-ला-नेʼ."

तिनं ते ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. मग म्हणाली, "ते मराठी न्हाय, दादा. आमचं हाय. त्याचा अर्थ 'येऊ नको'."

मुलीनं आमच्या आईकडं हात केला.

"मी हिथं नवी असताना आई एकदा फोनवर मामांना म्हणाली, 'बाजाराला जाताना मला ने.' तवा मी दचकलो होतो. वाटलं, ह्या मामांना येऊ नको का म्हणतायत?" ती थोडं हसली आणि मग तिनं दादाच्या बुटावर डोकं टेकलं. "माझ्या आईनं मला फोनवर ये म्हणून सांगितलं. आणि पंपाच्या आवाजात येऊ नको म्हणून सांगितलं. दादा, तुमचा पंप नसता तर तिला बोलायला जागा मिळाली नसती."

दादानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. पण त्याचं समाधान झालं नाही. पुढं कितीदा तरी तो मला एकटीला म्हणाला, "तिनं डोळ्यांत बघून सांगितलं गं. येऊ नको म्हणणाऱ्या माणसाचे डोळे तसले नसत्यात." मी त्याला समजावायचे. खरं सांगायचं तर मी त्या बाईचे डोळे बघितले नव्हते. दोन्ही गोष्टी तिला एकदमच म्हणायच्या असतील, असंही मला कधी कधी वाटतं.

मुलगी पुढच्या उन्हाळ्याआधी गेली. त्या अधिकाऱ्यानं शब्द पाळला. कागद झाले, एका थंड देशानं तिला घेतलं. आम्ही तिला स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी हलल्यावर तिनं ओरडून सांगितलं, "आई, रविवारी फोन घ्या बरं का."

आईनं आणखी काही रविवार फोन घेतला. मग एका रविवारी तो आला नाही, नंतरच्याही नाही. पक्षी उडून गेल्यावर पिंजरा कोण पुसणार? आम्हाला वाटलं, त्या बाईला संपवलं. आई फोनपाशी बसून राहायची. बऱ्याच दिवसांनी अधिकाऱ्याचा फोन आला. "चहाच्या वेळचं ते वाक्य मी बोललो होतो," तो म्हणाला. "कळलंय की त्या त्यांच्या स्वतःच्या घरी परत गेल्यात." 'माझ्या त्या वाक्यामुळं' असं तो म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. ते त्यालाही ठाऊक नसावं.

दादानं मालकांना जाऊन सांगितलं की त्या देशाच्या ऑर्डरीचं काम मी करणार नाही. मालक भले माणूस. त्यांनी समजूत घालायचा प्रयत्न केला, रागावले नाहीत. काम शेजारच्या कारखान्याला मिळालं. आजऱ्याचा तो तरुण तिकडं गेला, आणि दादानंच त्याला पाठवलं. "त्यानं कशाला उपाशी मरायचं?" म्हणाला. स्वतः त्यानं साखर कारखान्यांची दुरुस्तीची कामं धरली. नवं मशीन विकलं. वर्गात परराष्ट्र धोरणाचा धडा आला की मी आता पूर्वीसारखी धडाधड बोलत नाही. एका विद्यार्थिनीनं एकदा विचारलं, "मॅडम, असल्या सरकारशी व्यापार करावा का करू नये?" मी तिला अधिकाऱ्याचं म्हणणं सांगितलं, दादाचं सांगितलं. तिनं दोन्ही वहीत उतरवून घेतलं आणि खाली उत्तर लिहायचं म्हणून माझ्याकडं बघत राहिली.

मुलगी त्या थंड देशात शिकली, नोकरीला लागली, लग्न केलं. आमच्याशी फोनवर अजून आईच्याच मराठीत बोलते. तिच्या आईशी तिची भेट झाली नाही. पुढच्या दशकाच्या अखेरीला एका सकाळी तिचा फोन आला. पावसाळ्यात तिची आई तापानं गेली, स्वतःच्या घरात, शेजाऱ्यांच्या हातात, असं तिला कुणीतरी सीमेवरून कळवलं होतं. आमची आई ऐकून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ भांडी घासत राहिली. घासलेलीच भांडी.

त्या पौर्णिमेला तिनं आमच्या विहारात खीरदान केलं. मोठं पातेलं भरून खीर तिनं एकटीनं केली, मला हात लावू दिला नाही. भन्तेंनी विचारलं, "माई, कुणाच्या नावानं?"

आई म्हणाली, "माझी बहीण हाय. लांब दिल्याली."